दोन बादल्या गोडं पाणी

"धुतलं की झालं," हे आमच्या शेजारच्या काकांचं ठरलेलं उत्तर. स्कूटर कुरकुरली, पंखा अडला, माणूस रुसला, तरी तेच. कारखान्यातून आले की बरखेडा वसाहतीतल्या क्वार्टरच्या अंगणात बादली घेऊन उकिडवे बसायचे आणि हाताला येईल ते धूत राहायचे. मी कारखान्यात त्यांच्याच शॉपमध्ये ज्युनिअर. घरी काका म्हणायचो, पण कामावर त्यांच्यापुढे माझी बोबडी वळायची.

एकदा ड्यूटीवर कच्छच्या रणात गेले आणि परत आले ते खूळ घेऊनच. तिथले अगरिये जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत मीठ पिकवतात. "अर्धी कमाई डिझेल इंजिनच खातं रे त्यांची," काका सांगायचे. "आणि ऊन फुकट पडलंय."

मग दोन वर्षं प्रत्येक सुट्टी उन्हावर चालणाऱ्या पंपात गेली. अंगणात पिंप, पिंपात मिठाचं पाणी. काकूंचा मोगरा वाळला, कढीपत्ता गेला. काकू म्हणायच्या, "आता माझंच लोणचं घाला." काका हसायचे आणि पंप धुवायला घ्यायचे. रोज संध्याकाळी, नळाच्या गोड्या पाण्याने, दोन बादल्या. पंप एकदाही अडला नाही.

जीवाभाई नावाच्या अगरियाकडे तो बसवला. काकांच्या शब्दावर त्याने आपलं इंजिन विकून टाकलं. निघताना काकांनी बजावलं, "रोज दो बाल्टी मीठा पानी। भूलना मत।" त्याने मान डोलावली. मी शेजारीच उभा होतो. रणात नळ कुठला, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. म्हणे मशीनवाले! आजही तुम्हाला सांगताना लाज वाटते.

तिथे पिण्याचं पाणी टँकरने येतं, तेही येईल तेव्हा. जीवाभाईच्या घरच्यांनी त्यातलंच रोज दोन बादल्या पंपाला घातलं. आधी आंघोळी बंद केल्या, मग पिणं कमी केलं. एका खेपेला टँकर आलाच नाही. पंपात मीठ धरलं, शाफ्ट जाम झाला आणि भर हंगामात वाफे सुकले. आम्ही पंप बघायला पोचलो तेव्हा झोपडी रिकामी होती. शेजारच्या अगरियाने हे सगळं सांगितलं. काका पंपापाशी बसून राहिले, पण त्याला हात लावला नाही.

त्यानंतर ते अंगणात आले नाहीत. पिंप काकूंनी भंगारात दिलं. मी एकदा म्हणालो, "काका, धुवायला न लागणारा पंप करू."

"कुणासाठी?" एवढंच म्हणाले.

निवृत्तीला सहा महिने असताना ते गेले. क्वार्टर सोडताना काकूंनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड ठेवलं. "हे आलं आणि त्यांचं जेवण तुटलं," म्हणाल्या. जीवाभाईने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं.

"साहब, माफ करना। आखिर में एक ही बाल्टी डाल पाए। बच्चों ने पी लिया था। आपकी मशीन हमने बिगाड़ी।"