घरात माणसं किती?

वामनकाका कोणाच्याही घरी वीजदुरुस्तीला गेले, की मीटरकडे बघण्याआधी माणसं मोजायचे. पायातली रबरी चप्पल न काढता दारातूनच विचारायचे, "घरात मानसं किती? कोन कुठी हाय?" सगळी ओट्यावर येऊन उभी राहिली, की मगच त्यांच्या पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब निघायचा.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात याची थट्टा व्हायची. माझी आईच एकदा म्हणाली, "काय हो भाऊजी, तुमी वायरमन का जनगणनावाले?"

"वहिनी, जनगणनावाला चुकला तं कागद फाडते. म्या चुकलो तं काय फाडू?"

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. एका सकाळी आमच्या घरातले दिवे गेले, पण टेस्टर प्लगच्या दोन्ही छिद्रांत लागत होता. न्यूट्रल तुटल्याचं मी ओळखलं. बाबा वामनकाकांना बोलवायला निघाले होते. "मी करते," म्हटल्यावर त्यांना किती अभिमान वाटला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. तरी ते गेले. गावात काही घरी करतात तेच मी केलं. बोर्डातल्या न्यूट्रलला वायर जोडली आणि तिचं दुसरं टोक अंगणातल्या हापशीच्या लोखंडी पाइपला बांधलं. बल्ब लागला. मी टाळी वाजवली.

तेवढ्यात काका दारात आले. "मानसं किती?"

"चार. बाबा तुमच्या मागं, भाऊ शाळेत, मी इथं."

"अन् माय?"

"पाणी भरायला, हापशीवर."

काकांनी पेटलेल्या बल्बकडे पाहिलं, मग जमिनीवरून गेलेल्या वायरीकडे. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "वहिनी! हात लावू नका! मांगं सरा!" आणि त्यांनी मेन स्विच बंद केला. आईच्या हातातली कळशी खाली पडली. तिचे पाय ओल्या फरशीवर होते, आणि हात हापशीच्या दांड्यापासून वीतभर लांब.

मग काका हळू म्हणाले, "पोरी, गेलेल्या करंटले परत याची वाट म्हंजे न्यूट्रल. ती तुटली, तं तू तुह्या मायच्या अंगातून वाट काढत होती. बल्ब लागला म्हंजे काम झालं काय वं?"

मी रडू लागले. वाटलं, आता बाबांसमोर अजून बोलतील. पण त्यांनी हापशीची वायर सोडली, आईला ओट्यावर बसवलं आणि तो होल्डरचा बल्ब माझ्या हातात दिला. "आता तूच शोध. म्या बाजूले उभा हाओ."

मेन पुन्हा चालू करून त्यांनी सांगितलं तशा बल्बच्या वायरी धरल्या. मेन स्विचच्या वर, मीटरकडून येणाऱ्या बाजूला, बल्ब लख्ख लागला. खालच्या बाजूला लागला नाही. म्हणजे मीटर ठीक होतं. काका म्हणाले, "मीटरचं सील आपलं नाही. दोष तिथं असता तं ऑफिसले कळवा लागलं असतं." मेन बंद करून झाकण काढलं, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि वायरीचं टोक जळून काळं. काकांनी ते टोक कापलं, नवं तांबं उघडं केलं, स्क्रू आवळला आणि म्हणाले, "ओढून पाहा." मी ओढलं. "अजून ओढ. मायसाठी ओढ."

आज मी बुलढाण्याला शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी त्यांनी तो बल्ब माझ्या हातात दिला नसता, तर विजेला मी पुन्हा हात लावला नसता.

गेल्या हिवाळ्यात काका दम्यानं गेले. महिन्याभरानं मी काकूंना भेटायला गेले. बोलता बोलता पंखा मंदावला, दिवा मिचमिचू लागला. मी उठले. काकांची पिशवी खुंटीला तशीच होती. मेन स्विचजवळ जाऊन मी सवयीनं विचारलं, "काकू, घरात माणसं किती?"

"पाच," काकू म्हणाल्या. मग खुंटीकडे बघत राहिल्या. "चार वं, बाई."

काकू, मुलगा, सून, नातू. चौघांना ओट्यावर उभं केलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि मेन बंद केला.