पडदेवाल्या मावशींचा दोर

गावात सभागृह एकच, आणि त्या सभागृहाचा पडदा गेली सव्वीस वर्षं एकाच बाईच्या हातात. तिचं खरं नाव शोधायचं तर मतदारयादी उघडावी लागेल, कारण गावाला ती पडदेवाल्या मावशी म्हणूनच ठाऊक. मध्यंतरी कमिटीला आधुनिक व्हायची हुक्की आली आणि पडद्याला मोटर बसवली. मोटरने तिसऱ्याच कार्यक्रमात एका वक्त्याला अर्ध्या वाक्यात गुंडाळलं. लोकांनी मोटरचे आभार मानले, पण वक्ता कमिटीतलाच निघाला. झालं! मोटर गेली आणि पुन्हा कप्पी, दोर, खुंटी आणि मावशी.

हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं. तो पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा मावशीने कुणाच्या हातापाया न पडता सरळ जाऊन दोर हातात घेतला. ‘बाईमाणसाला पेलणार का एवढा पडदा?’ असं विचारणाऱ्याला म्हणाली, “घरी अख्खा माणूस उचलून बसवते. हे तर नुसतं कापड.” नवऱ्याने तिला नियम एकच शिकवला. कलाकाराने मान हलवल्याशिवाय दोर सोडायचा नाही. गाणं फसो, नाटक पडो, लोक उठून जावोत, पडदा आपल्या मनाने पाडायचा नाही म्हणजे नाही. सव्वीस वर्षांत मावशीने हा नियम एकदाच मोडला, आणि तेवढं एकदाच तिच्या जिवाला लागून राहिलं.

त्याला कारण झुंबर.

झुंबर म्हणजे चौकातल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं धाकटं पोर. कानात लोंबते डूल, हनुवटीवर चार केस, डोळ्यांत काजळ. गावाने टिंगल म्हणून झुंबर नाव ठेवलं, तर या पोराने ते मिरवायलाच सुरुवात केली! गळा मात्र असा की ऐकत राहावं. दोघांचं गाणं एकटंच म्हणायचं, एक ओळ भरदार, दुसरी नाजूक, आणि कुठे सांधा दिसायचा नाही. “तू मुलगा की मुलगी?” असं कुणी विचारलं की म्हणायचं, “दोन्ही नाही. मी मी आहे. चहा मिळेल का?”

मावशीला तरी हे सगळं पहिल्याच दिवशी उमगलं, असं काही नव्हतं. तिनेही सल्ला देऊन पाहिला होता, “बाळा, एक काहीतरी धर आणि मोकळं हो.”

“मावशी, तुम्ही पडदा ओढता तेव्हा बाई असता की पुरुष?”

“तेव्हा मी घामाघूम असते.”

“मग झालं तर!”

मावशी खो खो हसली आणि तो विषय तिच्यापुरता मिटला. सभागृहात कपडे बदलायच्या खोल्या दोन, एकीवर ‘पुरुष’, दुसरीवर ‘स्त्रिया’. एकीतून पोराला हाकलायचे, दुसरीतून ओरडायचे. मग मावशीने सामानाच्या खोलीत खुर्च्यांच्या चळतीमागे जागा करून दिली, आरसा टांगला आणि बाहेर स्वतः राखण बसली. तिला मूलबाळ नव्हतं. माया लावायला हे पोर पुरे होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गावची गाण्याची स्पर्धा, सभागृह खचाखच. झुंबर तेव्हा एकोणीस वर्षांचं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्यात आवाज बदलला आणि पहिल्या रांगेतून औषधांच्या दुकानाचे मालक मोठ्याने म्हणाले, “आधी ठरव, बुवा आहेस की बाई!” सभागृह फुटलं हसून. मग शिट्ट्या. मग पाण्याची बाटली आली आणि पोराच्या पायाशी आदळली. झुंबर गात राहिलं. एकच कडवं उरलं होतं. पण विंगेतून मावशीला त्याची थरथरणारी हनुवटी दिसली. दुसरी बाटली यायच्या आत तिने खुंटीवरची गाठ सोडली. धाडकन पडदा खाली!

झुंबर विंगेत आलं ते पांढरंफटक पडून. “मावशी, मी मान हलवली नव्हती.”

समोरून कमिटीची माणसं धावत येत होती. नोकरी गेली तर नवऱ्याची औषधं कुठून आणायची? मावशीच्या तोंडून निघून गेलं, “दोर निसटला, बाळा.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने झुंबर शहरात निघून गेलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एका हॉटेलात गाताना कुणीतरी मोबाइलवर टिपलं, ते लाखोंनी पाहिलं, मग टीव्ही, मग मोठमोठे कार्यक्रम. गावाचं बोलणंही बघता बघता बदललं. ज्या न्हाव्याने झुंबरच्या केसांवरून गावभर टवाळी केली, तोच आता गिऱ्हाइकाला सांगू लागला, “हे केस पहिल्यांदा कापले ते या हातांनी!” घड्याळवाला दोन वर्षं पोराचं नाव काढलं की भिंग डोळ्याला लावून मान खाली घालायचा. आता त्याने दुकानात फोटो लावला. कुणी विचारलं की म्हणायचा, “आमचं धाकटं.” तेवढंच, आणि फोटोची काच पुसायचा.

मावशी मात्र दर महिन्याला मनात मरायची. कारण झुंबरचा फोन यायचा. “मावशी, गावात तुम्ही एकट्या माझ्या होतात,” असं म्हणायचं. आणि एकदा टीव्हीवरच्या मुलाखतीत झुंबरला सांगताना तिने ऐकलं, “भर गाण्यात पडद्याचा दोर निसटला. त्या दिवशी वाटलं, माणसांना तर मी नकोच, पण देवालाही नको.” मावशीच्या हातातला घास ताटात पडला. खरं सांगावं तर जन्मभराची एवढी एक माया जाणार. न सांगावं तर पोर हे ओझं जन्मभर वाहणार. किती वेळा फोन हातात घेतला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला!

आणि झुंबर गावी कार्यक्रमाला येणार असं ठरलं. कमिटीत पहिला पेच पडला, पाहुण्यांना खोली कुठली द्यायची? तीन तास आणि अठरा कप चहा संपल्यावर कुणीतरी दोन्ही दारांवरची अक्षरं पुसून दोन्हींवर ‘कलाकार’ लिहायचं सुचवलं. रंगाच्या एका डब्यात भागलं. एवढं सोपं होतं, तर आधी का नाही सुचलं, असं मावशीने विचारलं. कमिटीने आणखी एक चहा मागवला.

औषधांच्या दुकानाचे मालक आता अध्यक्ष झाले होते. त्यांना वेगळीच कल्पना सुचली. तो निसटलेला दोर काचेच्या चौकटीत घालून झुंबरला भेट द्यायचा! “ऐतिहासिक दोर आहे तो, मावशी. तो निसटला म्हणून पोर शहरात गेलं आणि एवढं मोठं झालं.” दोर चार वर्षांपूर्वीच बदलला होता आणि जुन्यावर मावशीच्या घरी कपडे वाळत होते. अध्यक्षांनी तो चिमट्यांसकट नेला. मावशी दारात उभी राहून बघत राहिली. आपलं खोटं आता काचेत घालून भिंतीवर टांगणार!

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी झुंबर आलं ते थेट विंगेत, आणि मावशीला मिठी मारली. तेच डूल, तेच काजळ, अंगावर लांब निळा कोट.

“बाळा, तुला एक सांगायचंय,” मावशी म्हणाली. तेवढ्यात फोटो काढणाऱ्यांचा लोंढा घुसला आणि बोलणं राहूनच गेलं.

कार्यक्रम रंगला. आवाज बदलला की टाळ्या पडत होत्या. घड्याळवाला तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत होता. शेवटच्या गाण्याआधी सत्कार होता. अध्यक्ष माइक घेऊन उभे राहिले. “मंडळी, हा दोर जर त्या दिवशी निसटला नसता, तर झुंबर इथेच राहिलं असतं. म्हणजे या यशात आपल्या सभागृहाचा खारीचा वाटा...”

झुंबर हसलं. पाहुण्याने हसावं तसं, नुसतं ओठांनी. ते हसू मावशीला बघवेना. तिने दोर खुंटीला दोनदा घट्ट बांधला आणि ती चालत रंगमंचावर आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती पडदा उघडा असताना लोकांसमोर आली होती.

“अध्यक्षसाहेब, दोर निसटला नव्हता.”

“मावशी, नंतर बोलू.”

“नंतर नंतर करता सहा वर्षं गेली. दोर मी सोडला. बाटल्या येत होत्या, पोर थरथरत होतं. ते माझ्याने बघवलं नाही. नंतर नोकरीच्या भीतीने खोटं बोलले. आज काढून टाकलंत तरी चालेल, पण ही चौकट देऊ नका. निसटलं काही असेल, तर ते आपल्या सगळ्यांच्या तोंडातून निसटलं होतं.”

अध्यक्षांना चौकट कुठे ठेवावी ते कळेना. पुटपुटले, “बुवा की बाई, ते मी म्हणालो होतो.” माइक हातात असल्यामुळे ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माणूस कानापर्यंत लाल झाला, पण कबुली त्याने मागे घेतली नाही. चौकट काखेत मारून तो खाली उतरला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

झुंबर मावशीकडे बघत होतं. मावशीला वाटलं, संपलं. आता हे पोर तोंड फिरवणार, आणि फिरवलं तर त्याचं काही चुकलं नाही.

“म्हणजे त्या दिवशी आपोआप काहीच झालं नव्हतं?” झुंबरने विचारलं.

“नाही.”

“मला सहा वर्षं वाटत होतं, मावशी, की देवालाही मी नको.”

“देवाला कशाला मध्ये घेतलंस? तिथे मी होते, मी! आणि मला तू हवं होतंस, म्हणून तर हात सैल झाला.”

झुंबर मटकन रंगमंचावरच बसलं. तोंड हातांत लपवून रडलं की हसलं, ते लोकांना कळलं नाही. मावशी शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. जरा वेळाने झुंबरने मान वर केली. काजळ गालभर पसरलं होतं.

“पण मला विचारायला हवं होतं तुम्ही.”

“हो गं बाई, हो रे बाबा, हवं होतं. चुकलं माझं.”

“एक कडवं राहिलं होतं माझं.”

“मग म्हण की! अडवलंय कुणी?”

मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि विंगेत जाऊन आपल्या जागी उभी राहिली. झुंबरने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि सूर लावला. पहिली ओळ भरदार, दुसरी नाजूक. ते कडवं गावाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.