फळ्याचा खालचा अर्धा

आमच्या शाळेत स्टाफ चार जणांचा, पण किस्से चाळीस जणांचे! गेल्या दोन वर्षांत त्यातले निम्मे माझ्याच दुखण्यावर जमलेत. मुलगी पुण्यात, घरी ऐकायला भिंती. म्हणून तुम्हाला सांगते.

मला फायब्रोमायल्जिया आहे. म्हणजे अंग सगळीकडून ठणकतं आणि तपासणीत काही सापडत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा हेडसर म्हणाले, "वा मॅडम, पेढे आणा!" आणले बाई. सगळ्यांनी खाल्ले. "दुखतं का अजून?" एवढं मात्र कोणी विचारलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

मग सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. एकदाचं काहीतरी दिसलं म्हणून मला आनंदच झाला मेला! रिपोर्ट घेऊन स्टाफरूममध्ये गेले. आमचे सहा फुटी पाटील सर, त्यांनी तो वाचला, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, कधीपासून घेता?"

आयुष्यात सोलकढीच्या पुढे गेले नाही हो मी!

एक डॉक्टर म्हणतात, लिव्हरसाठी रोज चाला. चालले की दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नाही. दुखण्यावर गोळी मागावी, तर दुसरे म्हणतात, "लिव्हर सांभाळून!" सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने शाळेसाठी दिघीला उतरते, तेव्हा जेट्टीवरच तीनदा थांबते. खिचडी शिजवणारी सुनंदाताई एकदा म्हणाली, "बाई, रोज दर्या बघत उभ्या ऱ्हाता, मजा हाय तुमची!"

"हाय खरी," म्हटलं.

थंडीत स्टाफने पोपटी लावली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. हेडसर म्हणाले, "तुम्हाला तेलकट चालत नाही ना, म्हणून नाही बोलावलं." अहो, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि जाळात भाजलेलं मडकं! पोपटीत तेलाचा थेंब कधी पडलाय? रायगडात जन्मलेला माणूस असं म्हणतो! मी घरी येऊन दुधी खाल्ला आणि रडले.

माझा हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "वरचा फळा कोरा का?" पाटील सर म्हणाले, "मॅडम खडू वाचवतात!" सगळे हसले. मीही हसले.

आता गेल्या महिन्यातलं. तीन दिवस मला उठताच आलं नाही. माझी तिसरी पाटील सरांनी सांभाळली. चौथ्या दिवशी वर्गात गेले, तर फळ्यावर सरांचं अक्षर, सगळंच्या सगळं खाली! आणि सर दारात कंबर धरून उभे.

"मॅडम, तुमची पोरं वर लिहूच देत नाहीत! खडू वर नेला की ओरडतात, 'सर, वर न्हाय! वर बाईंना दुखतं!' तीन दिवस वाकून लिहिलं मी."

मी पोरांना कधीच काही सांगितलं नव्हतं.

सर आत आले, खडू माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, फार दुखतं का हो?"