मोठ्या चपलेतले छोटे बूट

लग्नाआधी आणि लग्नानंतरही, ढब्बू पोटात येईपर्यंत, ती एका मोठ्या दुकानाच्या दाराशी उभी राहून लोकांच्या पिशव्या तपासायची. बिलात आहे तेच पिशवीत आहे ना, एवढंच बघायचं. काम साधं, पण दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे 'हा चोर तर नसेल?' अशा नजरेने बघायची सवय लागली, की ती नजर संध्याकाळी दुकानात ठेवून घरी येता येत नाही. नवरा तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचा. ती म्हणायची, "म्हण बाबा. पण आपल्या घरातला साधा चमचा कधी हरवलाय का?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला या नव्या शहरात बरी नोकरी लागली, म्हणून बिऱ्हाड उचलून दोन खोल्यांच्या घरात आले. नवऱ्याला कामावर चार मित्र मिळाले. हिला कोण मिळणार? समोरचे आजोबा हसले, तर हिच्या मनात आलं, हे का हसले? खालच्या बाईने जिन्यात नाव विचारलं, तर हिने उलट विचारलं, "कशाला?" त्यानंतर त्या बाईने नाव सोडाच, वेळसुद्धा विचारली नाही.

हिला त्याचं काही वाटलं नसतं. पण ढब्बू दोन वर्षांचा झाला होता आणि त्याला बोलायला घरात आईशिवाय एकच सोबती होता, तो म्हणजे वॉशिंग मशीन. तो काचेसमोर फतकल मारून बसायचा, गरगरणाऱ्या कपड्यांना टाटा करायचा, आणि मशीन थांबलं की भोकाड पसरायचा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पोराला माणसांत ने. नाहीतर उद्या मशीनच सून म्हणून आणेल." सासूबाई थट्टेत बोलल्या, पण हिच्या काळजात चर्र झालं.

शेवटी नवऱ्यानेच शोधून काढलं. चौकातल्या वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा सकाळी आया आपली लहान मुलं घेऊन जमत. गाणी, चेंडू, रंग.

"किती घेतात?"

"काही नाही. फुकट आहे."

झालं! तिथेच हिच्या मनात पाल चुकचुकली. फुकट? आवळा देऊन कोहळा काढणारी जमात असणार ही. आधी गाणी, मग महागडी पुस्तकं, मग पोराचा विमा.

तरी गेली. पण पहिल्या दिवशी एकदम आत शिरली नाही. ढब्बूला कडेवर घेऊन खिडकीबाहेर उभी राहिली आणि आतल्या माणसांची बारकाईने पाहणी केली. आत एक पांढऱ्या केसांची बाई नव्या आयांना हातवारे करून काहीतरी समजावत होती. या बाई बोलता बोलता सारख्या टाळ्या वाजवत, म्हणून हिने मनातल्या मनात त्यांचं नाव टाळीताई ठेवलं. त्यांचं सांगून झालं, गाणं सुरू झालं, तेव्हा कुठे ही आत गेली. जागाही अशी धरली, की खिडकीतून फाटक दिसावं आणि मान वळवली की हॉलचं दार. ढब्बू मांडीत, पिशवी बगलेत.

आणि काय काय दिसलं म्हणता! अर्धा वेळ झाला, तशा निम्म्या आया सरळ उठल्या आणि चहा प्यायला शेजारच्या खोलीत गेल्या. मुलं तशीच इथे सोडून! आया आहेत की कोण? बरं, एक चष्मेवाली बाई हिच्या समोर येऊन बसली. तिने स्वतःच्या मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ढब्बूकडे चेंडू ढकलला, तो हसला तर तीही हसली, आणि स्वतःच्या रुमालाने त्याचं नाक पुसलं. ओळख ना पाळख!

"मी पुसते," ही म्हणाली आणि पोराला मागे ओढलं.

खरा धक्का निघताना बसला. दाराशी चपलांची उंच मांडणी होती. हिने तिथे कोपऱ्यात ठेवलेले ढब्बूचे बूट जागेवर नव्हते. ते त्या चष्मेवालीच्या मोठ्या बुटांत ठेवलेले होते. आणि हिच्या चपलांमध्ये कुणाचे तरी लाल सँडल! दुकानात तिने हे शंभरदा पाहिलं होतं. सराईत चोर वस्तू आधी नुसती जागेवरून हलवतो, कुणाचं लक्ष आहे का बघतो, आणि मगच उचलतो.

पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवून ती घरी आली. पण संध्याकाळी ढब्बू मशीनकडे गेलाच नाही. खोलीभर "चेंडू, चेंडू" करत फिरला. त्याच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. मग ती जातच राहिली. मनाची समजूत अशी, की आपण लक्ष ठेवायला जातोय.

दर वेळी बुटांचा तोच खेळ. कधी ढब्बूचे बूट एकीच्या चपलेत, कधी दुसरीच्या. ही दर वेळी मुकाट्याने ते काढून घ्यायची आणि आपल्या चपलेत आलेले परके बूट मांडणीवर कुठेतरी सारायची. विचारलं नाही कुणाला. विचारलं तर चोर सावध होतो.

एक दिवस तिच्या चपलांमध्ये पिवळे बूट निघाले. ते एका चिमुरडीचे होते, सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिची आई बेकरीत पहाटेपासून कामाला असे. तिथून थेट इकडे यायची, कोपरापर्यंत मैद्याचे डाग तसेच. चहाच्या खोलीत गेली की खुर्चीतच डोळे मिटायची. चिमणी त्या सकाळी सारखी हिच्याजवळ येऊन एकेक खेळणं पुढे करत होती. या पोरीला कुणी पाठवलं असेल, या विचाराने तिने एकही घेतलं नाही. आणि बुटांचा तर तिला आता वीट आला होता. गाणं चालू असतानाच ती उठली, ढब्बूचे बूट पिशवीत कोंबले, पिवळे बूट दाराशी जमिनीवर टाकले, आणि जागेवर येऊन चष्मेवालीवर डोळे रोखून बसली. आता बघू काय करते!

चष्मेवालीने काहीच केलं नाही. ती ढब्बूला ठोकळे रचून दाखवत होती.

सहज म्हणून हिने खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाकडे दोन पिवळे बूट चालले होते, डावा उजव्या पायात, उजवा डाव्या. पाण्याचे कॅन आणणाऱ्याने फाटक सताड उघडं टाकलं होतं. पलीकडे रस्ता.

मांडीतला ढब्बू तिने चष्मेवालीच्या अंगावर जवळजवळ टाकलाच, "धरा याला!" म्हणून ओरडली आणि अनवाणी धावत सुटली. चिमणीचा एक पाय रस्त्यावर पडला होता. हिने तिला फ्रॉकला धरून मागे खेचलं, तेवढ्यात समोरून एक टेम्पो भर्रकन गेला. चिमणीने त्याला टाटा केला.

परत आली, तर हॉलमध्ये नुसता कल्ला. बेकरीवाली झोपेतून उठून धावत आली आणि पोरीसकट हिलाच मिठी मारून रडायला लागली. टाळीताई म्हणाल्या, "म्हणून तर ही पद्धत ठेवलीय, मुलांचे बूट मी दर वेळी बदलून ठेवते. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? आपल्या चपलेत ज्या मुलाचे बूट, त्या मुलावर त्या दिवशी आपण लक्ष ठेवायचं. आपलं मूल काय, प्रत्येक जण बघतोच. दुसऱ्याचं बघायला लागलं, की परक्या शहरात माणसं जोडली जातात. आज चिमणी यांच्याकडे होती, बघा कशी वाचवली!"

"मला माहीत होतं ना, आज तुमच्याकडे आहे," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही तर कधी जागचं हलत नाही. म्हणून तर मी बिनघोर झोपले."

गप्प बसली असती तर चाललं असतं. मिठ्या, कौतुक, शहरातल्या पहिल्या मैत्रिणी, सगळं आयतं ताटात वाढलेलं होतं. पण हिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मी वाचवलं नाही हो," ती म्हणाली. "तिचे बूट मीच खाली टाकले. मला वाटायचं, तुम्ही बूट चोरता."

हसण्यासारखीच गोष्ट होती, पण कुणी हसलं नाही. बेकरीवालीचे हात हिच्या खांद्यांवरून सुटले. तिने मुलीला उचललं आणि ती हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"सांगायची काय गरज होती?" रात्री नवरा म्हणाला.

"बिलात नाही ती वस्तू पिशवीत घालून मी दारातून बाहेर पडू?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली.

ती जात राहिली. बायका तुटकपणे का होईना, बोलत होत्या. चष्मेवाली तर जास्तच बोलायला लागली. पण बेकरीवाली नाही. ही आत आली, की ती चिमणीला मांडीत ओढून घ्यायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही. चहाच्या खोलीत जाणं तिने बंद केलं. डोळे झोपेने मिटत, मान पुढे पडे, की दचकून जागी होई आणि पहिली नजर हिच्याकडे टाकी. ती नजर हिने ओळखली. राग यायला जागाच नव्हती, इतकी वर्षं दुकानाच्या दारात तिने तीच तर विकली होती. मांडीतून सुटायला चिमणी हातपाय झाडायची, ते मात्र हिला बघवेना.

असे तीन-चार आठवडे गेले. मग एका सकाळी चहाची वेळ झाली, आया उठू लागल्या, आणि ही पण उठली. ढब्बूला तिने खाली ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही, पिशवीही तिथेच राहिली. शेजारच्या खोलीत जाऊन दाराकडे पाठ करून बसली. कुणीतरी हातात कप दिला. चहा गोड होता की कडू, तेही तिला कळलं नाही.

थोड्या वेळाने हॉलमध्ये छोटी पावलं धावल्याचा आवाज आला. मग आणखी पावलं, आणि खदखदून हसणं. चिमणी आईच्या मांडीतून सुटली होती की ढब्बू कुणाच्या मागे लागला होता, हे बघायला ती उठली नाही.