डावीकडचं पातेलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मला अडवणार नाही. ही फजिती मी आजवर आपणहून कुणाला सांगितलेली नाही. दुसऱ्यांनीच सांगितली, आणि प्रत्येकानं पदरचं काहीतरी घालून. म्हटलं, एकदा आपल्याच हातानं लिहून टाकावी. मराठी तिसरीपर्यंत शिकलोय, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. गिरणीतून सुटून मी अंधेरीला मुलाकडे राहायला आलो होतो. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस हळू बोलतो का कधी? मी साधं "पाणी दे" म्हटलं तरी सूनबाईच्या हातातलं भांडं पडायचं. पेपरवाल्याशी भांडण, दूधवाल्याशी भांडण, आणि कुणी नसलं की रेडिओशी.

शेवटी आमची ही म्हणाली, "घरात बसून आमचीच सेवा करताय. जरा समाजाची करा. समाजालाही कळू दे आम्ही काय भोगतोय ते."

आमच्या आळीत एक सेवा मंडळ होतं. दर रविवारी सकाळी ही मंडळी वेसाव्याच्या कोळीवाड्यात जायची. फुकट दवाखाना, जुने कपडे वाटणं, मोठ्या माणसांना अक्षरओळख, असली कामं. मंडळाच्या चिटणीस कमलताई. शाळेत मास्तरीण, अंगानं एवढीशी, पण नजर अशी की समोरचा आपोआप हात मागे घेऊन उभा राहतो. मी जाऊन नाव दिलं. त्यांना आनंद झाला. पहिल्या रविवारपर्यंत टिकला.

पहिल्या रविवारी मला दवाखान्याच्या रांगेवर ठेवलं. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "खोकला कधीपासून?" तो म्हणाला, "दोन दिस." मी म्हटलं, "दोन दिवसांच्या खोकल्याला डॉक्टर कशाला? घरी जा, हळद घे." असे अकरा जण मी घरी धाडले. डॉक्टर आत पेशंटची वाट बघत बसलेले.

दुसऱ्या रविवारी कपडे वाटायला बसवलं. एका बाईला लुगडं देताना मी विचारलं, "मागचं काय केलंस?" विचारू नये का? पण ती लुगडं माझ्या अंगावर टाकून निघून गेली, आणि तिच्यामागोमाग सगळी रांग.

तिसऱ्या रविवारी अक्षरओळखीच्या वर्गात लोकांना नीट बसवायला पाठवलं. तिथल्या नव्या मास्तरानं मलाच विद्यार्थी समजून पाटी दिली. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

कमलताईंनी मला बाजूला घेतलं. "आप्पा, आता एकच काम उरलंय. चाळीस माणसांचा चहा. माणसांशी बोलायचं नाही, रांगेकडे फिरकायचं नाही, मागच्या परसात बसून चहा करायचा. हेही जमलं नाही, तर तुम्ही आपले घरी आराम करा."

घरी आराम. म्हणजे रविवारभर ही, सूनबाई आणि रेडिओ. मी म्हटलं, "ताई, चहात माझा हात धरणारा अख्ख्या गिरणीत नव्हता." ते खरं होतं. गिरणीत माझा चहा दुसऱ्यांदा मागायला कुणी आलंच नव्हतं, तर हात कोण धरणार? पण हे तेव्हा माझ्या लक्षात यायचं होतं.

आमचा सगळा संसार हिराबायच्या घरी मांडलेला असायचा. हिराबाय म्हणजे दणकट कोळीण, कपाळावर आडवं कुंकू, आवाज माझ्याहून वरचा. तिच्या पुढच्या पडवीत दवाखाना, मागच्या परसात माझी चूल. परसापलीकडे वाळू आणि वाळूपलीकडे समुद्र. पहिल्याच दिवशी तिनं मला "तू" म्हटलं. मी म्हटलं, "बाई, मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे." ती म्हणाली, "माज्या बापालाही मी तूच म्हंते. बस गुमान."

दोन रविवार चहाचे बिनबोभाट गेले. मंडळी चहा घ्यायची, मान हलवायची, काही बोलायची नाहीत. मी समजलो, बोलायला शब्द सुचत नसतील.

चहाच्या तिसऱ्या रविवारी घोळ झाला.

त्या दिवशी परसात दोन चुली पेटल्या होत्या. एकीवर माझा चहा, दुसरीवर हिराबायची ऐनाच्या झाडाची साल. त्या वेळी जाळी सुताची असायची. खाऱ्या पाण्यानं कुजू नयेत म्हणून ऐनाची साल उकळून त्या लाल काढ्यात ती भिजवायची. तिच्या मुलाचं खाडीत फेकायचं जाळं नवं होतं. पोरगा ते घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा जाणार होता. जाळं बाजूला लाकडी डोणीत घालून ठेवलेलं.

दोन्ही पातेली हिराबायच्या लग्नातली. जोडीची. सालीच्या कपच्या जाळ्यात अडकू नयेत म्हणून ती साल ठेचून फडक्यात बांधून सोडायची. आणि चाळीस माणसांचा चहा गाळत कोण बसणार, म्हणून मीही पूड फडक्यात बांधून सोडायचो. म्हणजे बघा, दोन पातेली, दोन्हींत लालभडक पाणी, दोन्हींत फडक्याची पुरचुंडी.

डोक्यावर पाटी घेऊन हिराबाय निघाली. "आप्पा, मी बाजारान जातंय. साल उकलली का डोनीन जाल्यावर वोत. कलला?"

"कळलं. मी काय कुकुलं बाळ आहे?"

मी घराकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो आणि मनात पक्कं केलं. डावीकडचं पातेलं चहाचं. उजवीकडचं सालीचं. डावा चहा, उजवी साल. तीनदा म्हटलं.

तुम्ही म्हणाल, वासावरून कळत नाही का? अहो, मी दिवसातून वीस चिमट्या तपकीर ओढणारा माणूस. माझं नाक चेहऱ्यावर फक्त चष्मा अडकवायला ठेवलंय.

एवढ्यात पुढून आवाज आला. रांगेत कुणीतरी घुसलं होतं. आता मला सांगा, पुढे रांग मोडतेय आणि मी मागे बसून पाणी उकळताना बघू? कमलताईंनी फिरकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण मी फिरकलो नाही. सरळ धावत गेलो.

घुसणारा एक जाडजूड गृहस्थ होता. मी त्याचा दंड धरला. "मागे हो."

"मला कालच बोलावलंय."

"काल दवाखाना होता का? कुणाला शिकवतोस?"

हे पाऊण तास चाललं. शेवटी कळलं की तो बिचारा औषधाची खोकी उचलायला आलेला हमाल होता, आणि डॉक्टरांनीच त्याला काल निरोप धाडला होता. तेवढ्यात पडवीच्या दारात कमलताईंचा पदर दिसला. त्यांनी मला रांगेपाशी बघितलं असतं तर तिथल्या तिथे घरी आराम. मी खाली वाकलो, घराला बाहेरून वळसा घातला, आणि वाळूवरून, समुद्राच्या बाजूनं, कुंपणाच्या फटीतून परसात शिरलो.

आता समोर दोन पातेली. डावा चहा, उजवी साल. पाठ होतं.

फक्त पाठ करताना माझं तोंड समुद्राकडे होतं, आणि येताना घराकडे. हे मला कुणी सांगायला नको होतं का?

मी डावीकडच्या पातेल्यात साखर घातली, आलं ठेचून घातलं, वरून जोगेश्वरीच्या तबेल्यातलं दूध ओतलं. दूध पडल्याबरोबर जरा कण धरल्यासारखं झालं. मी तबेलेवाल्याला दोन शिव्या दिल्या आणि ढवळलं. मग उजवीकडचं पातेलं फडक्यानं धरून उचललं, अख्खं डोणीत जाळ्यावर ओतलं, काठीनं दाबून दाबून मुरवलं. घामाघूम झालो. मनात म्हटलं, आज एकाच वेळी दोन दोन सेवा.

चाखून का नाही बघितलं, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. अहो, चाळीस माणसांना द्यायचा चहा मी आधी तोंडाला लावून उष्टा करू? आमच्या आईनं देवाच्या नैवेद्याची आमटीसुद्धा कधी चाखली नाही. अळणी झाली तर देवानं सांभाळून घेतलं.

कप भरले, वाटले. कमलताईंनी एक घोट घेतला. कपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी कमरेवर हात ठेवून समोरच उभा. त्यांनी डोळे मिटले आणि बाकीचा घेतला.

"कसा झालाय?"

"आहे," त्या म्हणाल्या.

पाटीवाला मास्तर तर एका दमात प्यायला आणि भिंतीला टेकून बसला. डॉक्टर मात्र घोट घोट घेत होते, पेशंट तपासत होते. त्यांनी अर्धा कप आणखी मागितला. माझी छाती फुगली. मला स्वतःला एक कप ठेवीन म्हटलं, तर पातेल्यात तळाला पुरचुंडीच उरलेली.

तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन हिराबाय आली. सरळ डोणीपाशी गेली. जाळ्याची कड उचलली, नाकाशी नेली, मग जिभेला लावली.

"आप्पा, इकडं ये."

मी गेलो.

"माज्या जाल्याला चहाचा वास कशाला येतंय?"

"मला कुठे वास येतो?"

ती चुलीपाशी गेली, माझ्या पातेल्यातली दुधाळलेली पुरचुंडी काढली आणि सोडली. आत ठेचलेली साल. ती फडकं तसंच हातात धरून पडवीत गेली. मी मागोमाग. सगळ्यांच्या हातात कप.

"खाऊन टाकलीत रे माजी साल," ती म्हणाली. "वर दूध घालून."

मास्तरानं कप हळूच जमिनीवर ठेवला. जाडा हमाल, त्यालाही मीच भांडण मिटवायला कप दिला होता, तो कपात वाकून बघायला लागला.

"पोरगा उद्या पयल्यांदा जातंय," हिराबाय म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तिचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "जालं कुजला तं?"

मला मान वर करवेना. तीस वर्षांत मुकादमासमोर खाली घातली नव्हती ती मान. मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं. समुद्राकडून आलो, डावं-उजवं फिरलं. जाळं कुजलं तर दुसरं मी विणून देईन. सूत ओळखतो मी. गिरणीतला आहे." आणि कमलताईंकडे वळलो. "ताई, तुम्ही काय म्हणणार ते ठाऊक आहे. जातो मी घरी."

कमलताई बोलण्याआधी डॉक्टर बोलले. "ऐनाची साल का? मग काळजी नको. कुणाला काही होत नाही. आठवडाभर पोट घट्ट राहील, इतकंच." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण आप्पा, खरं सांगू? मला वाटलं, मागच्या दोन रविवारांपेक्षा आज चहा बरा झालाय."

मी बाकीच्यांकडे बघितलं. म्हटलं, कुणीतरी नाही म्हणेल.

मास्तर म्हणाला, "मला काही फरक कळला नाही. मी नेहमीसारखाच डोळे मिटून प्यालो."

कमलताई तोंडाला पदर लावून आत गेल्या. खांदे हलत होते. रडत नव्हत्या, एवढं मला कळतं.

जाळं तसंच वाळूवर वाळत घातलं. पोरगा घेऊन गेला. आठवडाभर मी घरी एक शब्द बोललो नाही. सूनबाईनं घाबरून मुलाला सांगितलं, "बाबांना काहीतरी झालंय." पुढच्या रविवारी शेवटचा नमस्कार करून यायचं म्हणून वेसाव्याला गेलो. हिराबाय दारातच उभी. हातात जाळं.

"हात लाव."

मी लावला. सूत ताठ, रंग तांबूस, एक पीळ सुटलेला नाही. गिरणीत असतं तर मी पास केलं असतं.

"सालीच्या तीन पान्यान जे होत नाय, ता तुज्या एका चहान जाला," ती म्हणाली. "काय घालतंस रं त्यात?" मग कमलताईंना हाक मारली. "मास्तरीनबाय, यो म्हातारा मना दे. तुमचा चहा मी करते. यो माजी जाली करील."

कमलताईंनी माझ्याकडे बघितलं. "आप्पा, चालेल?"

चालेल म्हणजे काय. दर रविवारी मी परसात बसून काढा करायला लागलो. हिराबायनं केलेल्या चहाचा चोथा आणि थोडी साल. पुढे शेजारपाजारचे लोकही जाळी घेऊन यायला लागले. त्यांची रांग लावायचं कामही माझ्याकडेच. कोळी माझ्याहून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे कुणाला माझं बोलणं लागायचं नाही. हिराबायचा चहा मात्र उत्तम असायचा. मंडळी दुसऱ्यांदा मागायची. मीही मागायचो.

अशाच एका रविवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा हिनं विचारलं, "काय, काढलं का मंडळातून?"

"काढतायत कसले," मी म्हटलं. "मी उकळलेल्याला इतकी मागणी आहे की लोक घरून घेऊन येतात."

"काय घेऊन येतात? कप?"

मी तपकिरीची डबी उघडली. "जाळी," म्हटलं.