घासून लखलखीत केलेली स्लिप रिंग

कारभारीला गेटवरच अडवलंय, असा वॉचमनचा फोन आला तेव्हा मी तिसऱ्यांदा तीच कॉइल तपासत होते. डोकं आधीच तापलेलं, त्यात हे.

वाळूजला आमचा औषधांचा कारखाना. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स माझ्याकडे. बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या मशीनमध्ये मुठीत मावेल एवढी एक कॉइल असते, ती शाफ्टबरोबर फिरते. तिला करंट मिळाला की क्लच पकडतो आणि झाकण घट्ट बसतं. आता फिरत्या कॉइलला सरळ वायर जोडली तर पीळ पडून तुटणारच. म्हणून शाफ्टवर तांब्याच्या दोन कड्या असतात, त्या स्लिप रिंग. त्यांच्यावर कार्बनचे ठोकळे स्प्रिंगनं दाबलेले. रिंग फिरते, कार्बन जागेवरच घासत राहतो, करंट जातो. एवढंच.

दसरा झाला आणि दोनच दिवसांत झाकणं ढिली यायला लागली. बाटल्या गळू लागल्या, अख्खी बॅच अडकली. प्लांट मॅनेजरनी मला न विचारता ठरवूनही टाकलं, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. ऑपरेटर म्हणजे कारभारी. कन्नड तालुक्यातला, सात वर्षं त्याच मशीनवर, कंत्राटी. पुढच्या महिन्यात पर्मनंट होणार होता. त्याला घरी बसवायचा कागद तयार झाला. कसला हलगर्जीपणा! झाकणाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस तो.

मल्टिमीटर लावला की सगळं ठणठणीत दिसायचं, कारण तेव्हा मशीन बंद असायचं. शेवटी मीटर तसाच ठेवून शाफ्ट हातानं हळूहळू फिरवला. काटा नाचायला लागला. कार्बन काढून पाहिले तर तोंडावर ओरखडे, आणि रिंग घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत.

चालून चालून रिंगवर कार्बनचा पातळ चॉकलेटी थर बसतो. दिसतो घाणीसारखा, पण कॉन्टॅक्ट टिकतो तो त्याच्यामुळेच. खंडेनवमीच्या पूजेला मालक येणार म्हणून मॅनेजरनी फर्मान काढलं होतं, मशीनवर काळं काही दिसता कामा नये. कारभारीच्या हातात पॉलिश पेपर दिला. तो पेपर घेऊन कारभारी माझ्याकडे आला होता.

"मॅडम, ते चॉकलेटी राहू द्या. त्याच्यावरच चालतंय ते. घासलं तर लई तरास देईल."

मला शंभर टक्के माहीत होतं. पण सगळ्या मशीनच्या क्लीनिंग शीटवर सह्या करायच्या होत्या आणि साहेबांशी डोकं लावायची इच्छा नव्हती. घासून टाक म्हणाले आणि सही ठोकली.

हे आठवलं तशी डोक्यात तिडीक गेली. मॅनेजरवर, आणि माझ्यावरही. तिथंच रिपोर्ट लिहिला आणि केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, ऑपरेटर एरर लिहा, विषय संपवा.

"घासायला तुम्ही सांगितलंत. सही माझी आहे. दोन्ही लिहिलंय."

"तुमच्यावरही येईल, मॅडम."

"येऊ द्या. हेड ऑफिसला कॉपी गेलीय."

त्यांचा चेहरा पडला. तासाभरात कारभारीचा कागद मागं घेतला. निरोप द्यायला मीच गेले. गेटसमोरच्या टपरीवर तो डबा मांडीवर घेऊन बसला होता. मी सगळं सांगितलं, चुकले म्हणाले.

"म्हंजी तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"होतं."

त्यानं डबा उचलला. "मला वाटलं, तुम्हाला बी ठाऊक नाय," म्हणाला, आणि उठून आत गेला.

पॉलिश पेपरचे ओरखडे काढायला रिंग लेथवर अलगद गुळगुळीत करून घेतली. नवे कार्बन बसवले, थर धरावा म्हणून मशीन दिवसभर रिकामं चालवलं. झाकणं घट्ट बसायला लागली. कारभारी पर्मनंट झाला, मला मेमो मिळाला. मेमोचं काही वाटलं नाही, तो माझाच होता. चालत्या मशीनवरचं काळं पुसायच्या आधी, त्याच्याजवळ आठ तास उभं राहणाऱ्याचं ऐकावं, इतकं साधं होतं हे.

रिंगवर चॉकलेटी थर पुन्हा बसला. कारभारी मात्र त्यानंतर मला सांगायला कधी आला नाही. काही बिघडलं की कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचा.