पुरा उमटलेला ठसा

मेडशीचा हबीब आराकश होता. खड्ड्यावर सागाचा ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली उतरायचं आणि दोघांनी मोठी करवत ओढायची, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. वर हबीब आणि खाली त्याचा मेहुणा युनूस. बहीण जुबेदा त्याला दिली तेव्हापासून ही जोडी कधी फुटली नव्हती.

लढाई पेटली आणि सरकारला लाकूड पुरेना. डोंगरावरची तोड उदयसिंग नावाच्या ठेकेदाराने घेतली. जंगलखातं ज्या बुंध्यावर हातोड्याने ठसा मारेल तेच झाड पाडायचं, बियांची जुनी झाडं राखायची, असा करार होता. हबीबला अक्षर येत नव्हतं, पण सरकारी हातोड्याचा एक कोपरा उडालेला आहे हे त्याला ठाऊक होतं. ठसा नेहमी तिथं अपुरा उमटायचा. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात मात्र पुऱ्या ठशाचे साग पडायला लागले, तेही थोराड, बियांचे.

"भाईजान, आपलं काम कापाचं हाय," युनूस म्हणाला. "ठसे कायले पाहून राह्यले?"

"बियाचं झाड गेलं तं पुढं डोंगरावर काय उगवन रे?"

युनूस खड्ड्यात उतरला.

पंधरा दिवसांनी रेंजर आले. बुंध्यांपाशी उभे राहून विचारू लागले, तर सगळ्या मजुरांनी माना खाली घातल्या. हबीब पुढं झाला.

"साहेब, हा ठसा तुमचा नाई," असं म्हणून त्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं. आता उदयसिंग सापडला, असं त्याला वाटलं.

झडती झाली ती मजुरांच्या खोपट्यांची. खोटा हातोडा निघाला युनूसच्या कणगीमागे. उदयसिंगनेच तो बनवून घेतला होता आणि ठसे मारायला युनूसला लावलं होतं. हबीबला याची गंधवार्ता नव्हती.

वाशीमच्या कोर्टात उदयसिंगने कानावर हात ठेवले. युनूस ओरडून सांगत होता, हातोडा ठेकेदाराने दिला. साक्षीला हबीब उभा राहिला.

"देताना तू डोळ्यांनी पाहिलंस?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

युनूस त्याच्याकडेच बघत होता.

"नाई, साहेब."

युनूसला वर्षाची सजा झाली. आठव्या महिन्यात हगवणीने तो तुरुंगातच गेला.

माती देऊन हबीब परतला तेव्हा जुबेदा दारात बसली होती. "भाई, तू दोन्ही डाव खरंच बोलला," ती म्हणाली. "मग माहा मानूस काहून मेला?" ती मालेगावला दिराकडे राहायला गेली. ईदलाही कधी आली नाही.

खड्ड्यात उतरायला हबीबला दुसरा माणूस मिळेना. साक्ष देणाऱ्यासोबत कोण काम करणार? तो बाभळीचे नांगर तासू लागला. उदयसिंगने भाच्याच्या नावावर पुढची तोड घेतली.

शेचाळीस साली नवे रेंजर आले आणि जुन्या खटल्यातल्या हबीबचं नाव विचारत घरी पोचले. त्यांनी त्याला डोंगरावर नेलं, ताजा बुंधा दाखवला. ठसा कोपऱ्यापर्यंत पुरा, स्वच्छ उमटला होता.

हबीबने वाकून पाहिलं.

"मले नाई समजत, साहेब," तो म्हणाला, आणि उतरणीला लागला. त्या हंगामात डोंगराची उरलेली बाजूही साफ झाली.